मुलांना नवी पुस्तकं सुचवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं ग्रंथपाल, शिक्षक, पालक आणि मुलांच्या हाती पुस्तक देणाऱ्या प्रत्येकासाठी आहेत. भर चित्रपुस्तकांवर आहे, कारण शिफारशी सर्वांत जास्त तिथेच फसतात. पानं थोडी, शब्द थोडे, म्हणून नुसतं चाळलं तरी पुस्तक कळलं असं वाटतं.

पुस्तक स्वतः न वाचता सुचवलं तर चालेल का?

नाही. मलपृष्ठावरचा मजकूर पुस्तक खपावं म्हणून लिहिलेला असतो, आणि तोही मोठ्यांना उद्देशून. चित्रपुस्तक वाचायला पाच-दहा मिनिटं लागतात, त्यामुळे वेळ नव्हता ही सबब इथे टिकत नाही.

ते तीनदा वाचावं. पहिल्यांदा मजकुराकडे न बघता फक्त चित्रं पाहत शेवटपर्यंत जा आणि गोष्ट किती कळते ते बघा. दुसऱ्यांदा घड्याळ लावून मोठ्याने वाचा. जीभ कुठे अडखळते, कोणतं वाक्य परत पहिल्यापासून घ्यावं लागतं, हे एका चिठ्ठीवर टिपून ठेवा. तिसऱ्यांदा पुस्तक श्रोत्यांकडे तोंड करून धरा आणि तसंच पानं उलटा. गटासमोर वाचायचं असेल तर ही तिसरी फेरी फार महत्त्वाची. बारीक रेषांची, तपशिलांनी गच्च भरलेली चित्रं दीड-दोन मीटरवरून दिसत नाहीत. मागच्या रांगेतली मुलं चुळबुळ करू लागतात आणि दोष पुस्तकाला दिला जातो. खरं तर ते पुस्तक एका मुलाला शेजारी घेऊन वाचायचं असतं.

मोठ्या मुलांची दोनशे पानी कादंबरी प्रत्येक वेळी पूर्ण वाचून होणार नाही. मग पहिली दोन प्रकरणं, मधलं एखादं आणि शेवटची दोन वाचा. शेवट टाळू नका. मुलाला न पेलणारं काही असेल तर ते बहुधा तिथेच असतं. आणि 'मी मधला भाग वाचलेला नाही' हे मुलाला सरळ सांगा.

'नवं' पुस्तक म्हणजे किती नवं?

श्रेयपान, म्हणजे प्रकाशनाचे तपशील छापलेलं पान, उघडा. पहिल्या आवृत्तीचं साल आणि पुनर्मुद्रणाचं साल वेगवेगळं छापलेलं असतं. मुखपृष्ठ बदललं, आकार बदलला, तरी आतलं पुस्तक वीस वर्षांपूर्वीचं असू शकतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, नवा आहे यावरूनही काही ठरत नाही, कारण एकाच पुस्तकाच्या कापडी बांधणीच्या, कागदी बांधणीच्या आणि ई-आवृत्तीला स्वतंत्र क्रमांक मिळतात. अनुवादाच्या बाबतीत मूळ पुस्तकाचं सालही नोंदवा.

'नवी पुस्तकं' या मथळ्याखाली गेल्या दोन वर्षांतली पहिली आवृत्तीच घ्यावी, असं आमचं मत आहे. पण त्या यादीशेजारी जुन्या पुस्तकांची जागा कायम ठेवा. चार वर्षांच्या मुलासाठी न वाचलेलं प्रत्येक पुस्तक नवंच असतं.

चित्रपुस्तक चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

सर्वांत आधी मजकूर हाताने झाका, मग चित्रं झाका. चित्रं झाकल्यावर गोष्टीचं काहीच बिघडलं नाही, तर ते सचित्र गोष्टीचं पुस्तक आहे. तेही चांगलं असू शकतं, पण चित्रपुस्तक म्हणून सुचवू नका. खऱ्या चित्रपुस्तकात शब्द एक सांगतात आणि चित्र त्यात भर घालतं, कधी शब्दांना खोटंही पाडतं. मजकुरात 'घरात सगळे झोपले होते' असं आणि चित्रात पलंगाखाली दोन डोळे चमकताहेत. ऐकणाऱ्या मुलाला ते वाचणाऱ्याच्या आधी दिसतात. मुलं पुन्हा पुन्हा त्याच पानावर जातात ती यासाठीच.

मग पान उलटण्याकडे लक्ष द्या. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात. मोठा कागद छापून घड्या घातल्या की १६ पानांचा एक फर्मा होतो, असे दोन फर्मे म्हणजे ३२. शीर्षकाची आणि श्रेयाची पानं वगळली तर गोष्टीला साधारण बारा ते पंधरा जोडपानं (समोरासमोरच्या दोन पानांच्या जोड्या) उरतात. म्हणजे पान उलटण्याच्या संधी तेवढ्याच. कसलेला लेखक-चित्रकार उजव्या पानाच्या शेवटी प्रश्न, दचका किंवा अर्धं वाक्य ठेवतो आणि उत्तर पलीकडच्या पानावर देतो. कच्च्या पुस्तकात उत्तर समोरच्याच पानावर दिसत असतं, मग वाचणाऱ्याने आवाज कितीही चढवला तरी उत्सुकता टिकत नाही.

शिवणीजवळची जागा तपासा. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात एखाद्याचा चेहरा नेमका मधल्या खाचेत गेला आहे का? डिंकाने चिकटवलेल्या बांधणीत पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही आणि मधला सेंटिमीटरभर भाग दिसेनासा होतो. मधोमध टाचलेलं पुस्तक बऱ्यापैकी सपाट उघडतं.

पात्रांचं सातत्य बघा. सदऱ्याचा रंग, कोणत्या हातात पिशवी, खिडकी कुठल्या बाजूला. मुलं यातली चूक हटकून पकडतात, आणि ती उगाच झालेली चूक असेल तर पुस्तकावरचा त्यांचा विश्वास उडतो. मुखपृष्ठाच्या आत लगेच येणारी चिकटपानंही बघा. पुढची आणि मागची चिकटपानं वेगळी असतील तर बऱ्याचदा गोष्ट तिथेच सुरू झालेली असते आणि तिथेच संपते.

पद्यात लिहिलेल्या पुस्तकांची परीक्षा कडक हवी. यमक जुळावं म्हणून उलटसुलट केलेली वाक्यं मोठ्याने वाचताना लगेच कानाला खटकतात. शेवटच्या पानावर 'म्हणून आपण नेहमी...' असं सुरू होणारं वाक्य असेल तर ते वाक्य सोडून गोष्ट वाचून बघा. गोष्ट तरीही पुरी वाटली तर पुस्तक सुचवा, आणि वाचून दाखवताना ते वाक्य गाळा.

पुस्तकावर छापलेल्या वयावर विश्वास ठेवावा का?

अंदाजापुरता. 'वय ४ ते ६' हे ऐकण्याचं वय आहे की स्वतः वाचण्याचं, हे क्वचितच स्पष्ट केलेलं असतं आणि या दोन्हींत सहज दोन-तीन वर्षांचं अंतर असतं. आपल्या नोंदीत ही दोन वयं वेगळी लिहा.

जन्मल्यानंतरचे पहिले महिने बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं. तेव्हा काळ्या-पांढऱ्यासारखे ठसठशीत फरक, मोठे आकार, पानावर एकच वस्तू. वर्षाच्या आत-बाहेर पुस्तक तोंडात जाणारच, म्हणून जाड पुठ्ठ्याची पानं आणि गोल कोपरे हवेत. उघडझाकीच्या पट्ट्या मुलांना फार आवडतात, पण पातळ कागदाच्या असल्या तर आठवडाभरही टिकत नाहीत. बटणं, मणी किंवा सुटा होणारा कुठलाही बारीक तुकडा असलेलं पुस्तक तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, घशात अडकण्याचा धोका असतो.

दोन ते चार वयाला पुन्हा पुन्हा येणारं वाक्य हवं, म्हणजे तिसऱ्या पानापासून मूल तुमच्यासोबत म्हणू लागतं. चारनंतर पूर्ण गोष्ट पेलते: अडचण, प्रयत्न, फजिती, सुटका. सहा-सात वयाला एक नाजूक टप्पा येतो. मूल स्वतः वाचू लागलं म्हणून मोठी माणसं चित्रपुस्तकं काढून घेतात आणि नुसत्या मजकुराची पुस्तकं समोर ठेवतात. वाचनाची गोडी इथे हमखास तुटते. दहा वर्षांच्या मुलांसाठी मुद्दाम केलेली, गुंतागुंतीची चित्रपुस्तकं असतात. ती शोधून त्यांच्या हाती द्या.

स्वतः वाचणाऱ्या मुलाला पुस्तक झेपेल का, हे लवकर कसं कळेल?

पाच बोटांची चाचणी करा. मधलं कुठलंही पान मुलाला वाचू द्या. शब्द अडला की एक बोट मिटायचं. एखादं बोट मिटलं तर पुस्तक सोपं, दोन-तीन तर योग्य, पाच मिटली तर सध्या सोबतीने वाचायचं. पानावर जेमतेम वीस शब्द असतील तर ही चाचणी चालत नाही, तिथे दोन अडलेले शब्दही जास्त होतात. आणि विषयाचं वेड असेल तर चाचणी बाजूला ठेवा. डायनोसॉरच्या नादी लागलेलं मूल सात अक्षरी नावं सहज वाचतं.

अडचण शब्दांचीच असते असंही नाही. नव्या वाचकाला जोडाक्षरांची दाटी थकवते, ओळी जवळजवळ असल्या की वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या वेलांट्या एकमेकांत शिरतात. ओळीच्या शेवटी शब्द तोडून उरलेला भाग पुढच्या ओळीत ढकललेला असेल तर सुरुवातीच्या वाचकासाठी ते पुस्तक नको. चित्रावरच छापलेला मजकूर आणि गडद निळ्यावर काळी अक्षरं याही नेहमीच्या अडचणी. अशा वेळी मूल 'गोष्ट आवडली नाही' असं सांगतं, कारण वाचता आलं नाही हे सांगणं त्याला जड जातं.

मुलाला काय आवडतं हे कसं काढून घ्यायचं?

'तुला कसली पुस्तकं आवडतात?' हा प्रश्न विचारू नका. मुलं गप्प होतात किंवा तुम्हाला बरं वाटेल असं उत्तर देतात. त्याऐवजी विचारा: अर्धवट सोडलेलं शेवटचं पुस्तक कोणतं, आणि का? हसायला आलेलं चालेल की थोडं घाबरायला? खऱ्या गोष्टी हव्यात की अशक्य? कुणासोबत वाचणार की एकट्याने? शाळा सुटल्यावर काय करतोस? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत उपयोगी. 'त्यात नुसतं बोलतातच' एवढ्या तक्रारीतून वेगवान कथानकाचं पुस्तक हवं हे कळतं.

उत्तरं मुलाकडून घ्या. पालक शेजारी असतील तर त्यांना आधीच सांगावं, 'दोन मिनिटं तिलाच बोलू द्या, मग तुमचं ऐकते.'

मग तीन पुस्तकं समोर ठेवा. एक आवडीच्या अगदी जवळचं, एक थोडं बाजूचं आणि एक अनपेक्षित. एकच पुस्तक दिलं तर तो हुकूम वाटतो, सात-आठ दिली तर मूल गोंधळतं. प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं बोला, पहिलं पान वाचून दाखवा आणि तिथून बाजूला व्हा. निवडताना डोक्यावर उभं राहू नये.

दोन वाक्यांत काय सांगायचं?

कुणाला काय हवंय आणि मध्ये काय आडवं येतं. शेवट सांगायचा नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. 'ही मैत्रीचं महत्त्व सांगणारी, सुंदर चित्रांची गोष्ट आहे' असं सांगितलं तर मुलाच्या हाती काहीच लागत नाही. तेच असं सांगून बघा: 'एका कासवाला शर्यतीत पळायचंच नाहीये, पण गावभर त्याच्या नावाचे फलक लागलेत. आता ते लपायला जागा शोधतंय, आणि लपण्याच्या जागा तुला चित्रातच शोधाव्या लागतील.' दुसऱ्या वर्णनात पात्र आहे, पेच आहे आणि वाचकाला करायला काम आहे.

'यातून खूप शिकायला मिळतं' हे वाक्य मुलासमोर कधीच नको. 'मला लहानपणी हे फार आवडायचं' हेही जपून वापरा, त्याने नाही म्हणणं अवघड होतं.

मूल तेच पुस्तक रोज मागतं. नवं कसं सुचवायचं?

जुनं काढून घेऊ नका. पुनर्वाचनात मूल नवे शब्द पक्के करतं, पुढे काय येणार हे ओळखण्याचा आनंद घेतं आणि चित्रात दर वेळी काही नवं शोधतं. नवं पुस्तक जुन्याच्या आधी वाचा, नंतर नको. आवडतं संपल्यावर मुलाचं मन भरलेलं असतं. त्या पुस्तकात मुलाला नेमकं काय धरून ठेवतं ते ओळखा. ट्रकच्या पुस्तकात ट्रकच आवडतो असं नसतं, कधी कधी 'धडाम!' असं ओरडायला मिळतं तेच आवडतं. मग पुढचं पुस्तक आवाजांचं हवं, वाहनांचं नको.

शब्दच नसलेलं पुस्तक सुचवावं का? पालक परत करतात.

जरूर सुचवा, पण वाचायचं कसं हे सोबत सांगा, नाहीतर ते परत येणारच. पहिली फेरी दोघांनी न बोलता. दुसऱ्या फेरीत मूल सांगेल, मोठ्या माणसाने ऐकायचं. 'हा कोणता रंग? हे किती?' अशी परीक्षा घेऊ नये. 'इथे काय चाललंय?' आणि 'तुला कशावरून वाटलं?' एवढे दोन प्रश्न पुरतात. अजून वाचू न शकणारं मूल, वाचनात मागे पडलेलं मूल आणि घरात वेगळी भाषा बोलणारं मूल एकत्र बसून हे पुस्तक बरोबरीने वाचू शकतात. दुसऱ्या कुठल्या प्रकारात हे इतकं सहज घडत नाही.

कॉमिक्स वाचलेलं वाचनात धरायचं का?

हो. मूल तिथे शब्द, चेहरा, चौकटींचा क्रम आणि दोन चौकटींमधलं न दाखवलेलं, सगळं एकाच वेळी वाचत असतं. फक्त जपानी कॉमिक्सचे अनेक अनुवाद मूळ क्रमाने, उजवीकडून डावीकडे छापलेले असतात. देताना पहिल्या पानावर बोट फिरवून क्रम दाखवा.

मृत्यू, आजारपण, आईवडिलांचं वेगळं होणं अशा विषयांची पुस्तकं?

मुलांपासून लपवू नयेत, पण मोठ्यांना बेसावध ठेवूनही देऊ नयेत. कोणत्या पानावर काय घडतं हे पालकांना आधी सांगा. तुमच्या नोंदीत पानाचा क्रमांकच लिहा, 'थोडं दुःखद' असं मोघम नको.

घरात नुकतं कुणी गेलं असेल तर त्याच आठवड्यात मृत्यूवरचं पुस्तक पुढे करणं बऱ्याचदा चुकतं. मुलाला त्या वेळी नेहमीचं, ओळखीचं पुस्तक हवं असू शकतं. नवं पुस्तक घरातल्या मोठ्याकडे द्या आणि मुलाच्या हाती लागेल अशा जागी ठेवायला सांगा. अशी पुस्तकं निवडताना भाषा तपासा. 'आजी झोपी गेली' किंवा 'लांबच्या प्रवासाला गेली' असं लिहिलेलं असेल तर लहान मूल ते शब्दशः घेतं, मग झोपायला घाबरतं किंवा वाट बघत बसतं. 'मेली' हा शब्द स्पष्टपणे आणि मायेने वापरणारं पुस्तक बरं.

मुलांची पुस्तकं आणि मुलींची पुस्तकं वेगळी असतात का?

नाही. मुलगा असो की मुलगी, आवडीवर शिफारस करा.

पुस्तकांत निरनिराळी मुलं, निरनिराळी घरं दिसावीत हे कसं पाहायचं?

अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मांडलं की पुस्तक मुलासाठी आरसा असू शकतं, खिडकी असू शकतं आणि सरकतं काचेचं दारही, ज्यातून पलीकडे जाता येतं. यादी तयार झाल्यावर ही कसोटी लावा: कोणत्या मुलांना या यादीत फक्त खिडक्याच मिळतात आणि कोणत्या मुलांना फक्त आरसे?

एकेक पुस्तक तपासताना पाहा की निर्णय कोण घेतं, बोलतं कोण, आणि पेच कोण सोडवतं. चाकाच्या खुर्चीतली मुलगी फक्त इतरांना दया यावी म्हणून असेल, तर ती चित्रात असूनही गोष्टीत नाही. तीच मुलगी भांडते, खोड्या काढते, चुकते, अशी पुस्तकं शोधा.

पुरस्कार मिळालेलं पुस्तक डोळे झाकून घ्यावं का?

पुरस्कार कशासाठी आहे ते आधी पाहा. आंतरराष्ट्रीय बालपुस्तक मंडळाचा हान्स ख्रिस्तियन अँडरसन पुरस्कार दर दोन वर्षांनी दिला जातो, लेखकांना १९५६ पासून आणि चित्रकारांना १९६६ पासून. तो एकूण कामगिरीसाठी असतो, एका पुस्तकासाठी नाही. म्हणून मुखपृष्ठावर त्याचा उल्लेख असला तरी हातातलं पुस्तक त्या लेखकाचं कमकुवत पुस्तक असू शकतं. अमेरिकेतलं कॅल्डेकॉट पदक १९३८ पासून चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला मिळतं, तर १९२२ मध्ये सुरू झालेलं न्यूबेरी पदक लेखनासाठी आहे. कॅल्डेकॉट बघून घेतलेल्या पुस्तकाचा मजकूर साधा निघाला तर तक्रार करण्यात अर्थ नाही.

या पुरस्कारांचे परीक्षक मोठी माणसं असतात. पुरस्कारांची यादी चांगली पुस्तकं लवकर नजरेस आणते. मात्र ते पुस्तक समोरच्या मुलासाठी आहे का, हे ठरवणं तुमच्याकडेच राहतं.

अनुवादित चित्रपुस्तकात काय तपासायचं?

अनुवादकाचं नाव छापलंय का ते आधी बघा. मग मोठ्याने वाचा. आपल्या भाषेत दार 'करकर' वाजतं, पाऊस 'रिमझिम' पडतो; मूळचे ध्वनी तसेच अक्षरबदल करून ठेवले असतील तर ते वाचताना अडतात. चित्रातल्या पाट्या, पत्रं, वर्तमानपत्रं यांचा अनुवाद झालाय का? गोष्टीची किल्ली त्या पाटीवरच असते तेव्हा हे राहून गेलं तर पुस्तकच कळत नाही. अनुवादाचा मजकूर मूळपेक्षा लांब झाला की अक्षरं बारीक करून चौकटीत कोंबतात, हेही पाहा.

फोनवर किंवा टॅबवर चित्रपुस्तक वाचलं तर?

फोनवर जोडपान मधून कापलं जातं आणि अर्धं चित्र आधी, अर्धं नंतर दिसतं. टॅब आडवा धरून दोन्ही पानं एकत्र दिसत असतील तरच चित्रपुस्तक त्यावर वाचा. हलणारी चित्रं आणि दाबल्यावर वाजणारी बटणं गोष्टीशी संबंध नसलेली असतील तर मूल बटणंच शोधत बसतं. गोष्टींच्या ध्वनिफिती मात्र प्रवासात, आणि वाचन अवघड जाणाऱ्या मुलांसाठी, मनापासून सुचवाव्यात.

सुचवलेलं पुस्तक मुलाने नाकारलं तर?

परत घ्या, आणि चेहऱ्यावर नाराजी दिसू देऊ नका. तुम्हाला वाईट वाटलं हे कळलं की पुढच्या वेळी मूल न आवडलेलंही आवडलं म्हणून सांगतं, मग तुमच्या हाती खरी माहिती येणं थांबतं. 'कितव्या पानावर कंटाळलीस?' एवढंच विचारा. पहिल्या दोन पानांत कंटाळा आला तर बहुधा भाषा किंवा छपाई अवघड होती. निम्म्यावर आला तर कथानक रेंगाळलं. शेवटाजवळ सोडलं असेल तर भीती किंवा दुःख जड झालं असण्याची शक्यता जास्त. तेच पुस्तक सहा महिन्यांनी पुन्हा समोर ठेवायला हरकत नाही, मात्र आग्रह न करता.

नोंदी कशा ठेवाव्यात?

एका पुस्तकाला एक कार्ड. नाव, लेखक, चित्रकार, अनुवादक, प्रकाशक, पहिल्या आवृत्तीचं साल, पानं, मोठ्याने वाचायला लागलेली मिनिटं, ऐकण्याचं वय, स्वतः वाचण्याचं वय, गटात चालेल की एकट्यादुकट्यासोबत, जपून वाचायची पानं. चित्रकाराचं नाव वगळू नका. चित्रपुस्तकाचा तो अर्धा लेखकच असतो, आणि पुष्कळ मुलं पुढचं पुस्तक चित्रांच्या ओळखीवरून निवडतात. कार्डाच्या मागे दोन रकाने ठेवा: 'हे आवडलं तर पुढे काय' आणि 'कुणाला आवडलं नाही, का'. दुसरा रकाना लोक कोरा ठेवतात, पण शिफारस सुधारते ती त्याच्यामुळे.

यादीत किती पुस्तकं असावीत, आणि मांडायची कशी?

एका वेळी दहा-बारा. त्याहून लांब यादी पालक जपून ठेवतात आणि उघडत नाहीत. प्रत्येक नावापुढे वर सांगितलेली दोन वाक्यं, दोन्ही वयं आणि वाचायला लागणारा वेळ लिहा. मांडणीवर पुस्तकांचे कणे दिसण्यापेक्षा मुखपृष्ठं समोर दिसू द्या. चित्रपुस्तकाचा कणा काही मिलिमीटरचाच असतो आणि वाचू न शकणाऱ्या मुलाला तो काहीच सांगत नाही. सर्वांत खालचा कप्पा जमिनीवर बसलेल्या मुलाच्या हाताला लागेल इतका खाली हवा. दर पंधरा दिवसांनी चार-पाच पुस्तकं बदला. ज्या पुस्तकाला कुणी हात लावला नाही ते काढून टाकण्याआधी एकदा गटासमोर वाचून दाखवा; मुखपृष्ठ फिकं असलेली कित्येक पुस्तकं त्यानंतर लगेच घरी नेली जातात.